आई गच्चीवर का जाते? साताऱ्यातल्या एका घराचं प्रकरण

गेल्या वर्षी श्रावणात, पहाटे सव्वापाचला, आई गच्चीच्या लोखंडी जिन्यावरून पडली. खालून तिसरी पायरी. पडताना उजवा हात टेकला आणि मनगट गेलं. शेजारच्या काकूंनी रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून घरी आणलं आणि मग मला पुण्याला फोन केला. मी पोचले तेव्हा आई ओट्यापाशी उभी राहून डाव्या हाताने चहा गाळत होती. "तू कशाला आलीस धावत?" हे पहिलं वाक्य.

आई ७३ वर्षांची. बाबा गेल्यापासून एकटीच राहते. घर अजिंक्यताऱ्याच्या अंगाच्या पेठेत, जुनं, उंच उंबऱ्यांचं, संडास मागच्या पडवीत. रक्तदाबाची गोळी बारा वर्षांपासून, थायरॉईडची त्याहून आधीपासून. दादा अमेरिकेत, मी कोथरूडला. "आता पुण्यालाच ये" हा विषय आमच्यात निघतो आणि तिथेच संपतो, तेव्हा तो या लिखाणात आणत नाही. प्रश्न एवढाच होता की आईला याच घरात, याच वयात, न पडता कसं राहता येईल.

पुढच्या दहा महिन्यांत आम्ही या घरात बऱ्याच वस्तू आणल्या. काही चालल्या, काही कपाटात गेल्या. कुठली चालेल याचा आमचा अंदाज जवळपास दर वेळी चुकला, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

घड्याळ

दादाने आठवड्याच्या आत घड्याळ पाठवलं. माणूस पडलं तर ओळखणारं. आतली चिप हाताची हालचाल सतत मोजत असते. जोराचा दणका आणि पाठोपाठ शांतता असं दिसलं की घड्याळ विचारतं, "पडलात का?" उत्तर आलं नाही तर ठरलेल्या नंबरावर फोन लावतं. कागदावर यात खोट काढायला जागा नाही.

आईने ते मनापासून घातलं, तेही सांगितलेल्या, म्हणजे डाव्या हातात. पण घड्याळ रोज रात्री चार्जिंगला लावावं लागायचं, म्हणजे रात्री दोनदा उठणारी आई नेमकी त्या वेळी घड्याळाविना. आंघोळीला जाताना ती ते काढून कोनाड्यात ठेवायची. कितीही सांगितलं की याला पाणी चालतं, तरी साठ वर्षं घड्याळ काढून आंघोळ केलेला हात ऐकतो थोडाच? प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा भाकरी थापायला बसली तर त्याने विचारलंच, पडलात का म्हणून. आई परातीसमोर हसत सुटली. तेव्हापासून भाकरीच्या वेळीही ते कोनाड्यात. ओली फरशी आणि अंधार, दोन्ही ठिकाणी पडायची भीती सगळ्यात जास्त, आणि त्या दोन्ही ठिकाणी घड्याळ हातात नाही.

मला दादाचा राग आला नाही. लांब असलेला माणूस वस्तूच पाठवू शकतो. पण एक गोष्ट मला तेव्हा खटकली: आई पडली तर कळावं याची सोय आम्ही केली होती, पण ती पहाटे पाचला ओल्या जिन्यावर काय करत होती हे दोघांपैकी एकानेही तिला विचारलं नव्हतं.

वही

मी ऑफिसला सांगून तीन आठवडे साताऱ्यातून काम केलं. पहिले तीन दिवस आईला काही न सांगता एक वही ठेवली. चार रकाने: वेळ, आई काय करते आहे, कितव्यांदा, आणि कुठे अडते आहे. चढणं, वाकणं, शोधणं आणि थांबणं, एवढंच टिपायचं. तिसऱ्या दिवशी तिच्या हे लक्षात आलं. "माझा हिशोब मांडतेस का?" म्हणून रागावली, आणि दुपारपर्यंत स्वतःच सांगायला लागली, "लिही, चष्मा चौथ्यांदा."

वहीतलं चित्र असं होतं. पाणी येण्याच्या वेळी गच्चीवर फेऱ्या: तीन, प्लास्टरातल्या हातानिशी. रात्री संडासला: दोनदा, दिवा न लावता. ओट्याखालच्या कपाटासाठी वाकणं: दिवसाला दहा-बारा वेळा. चष्म्याची शोधाशोध: चार ते पाच वेळा. गोळ्या घेतल्या की नाही याची शंका: रोज एकदा तरी.

यातली एकही गोष्ट आईने आपणहून सांगितली नसती. तिला ते त्रास वाटतच नव्हते. तो तिचा दिवस होता.

टाकी

सगळ्यात मोठं पान पाण्याचं निघालं. कासचा तलाव डोंगरावर, तिथलं पाणी उताराने शहरात येतं, पण आमच्या घराशी पोचेपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो. म्हणून ते आधी अंगणातल्या हौदात पडतं आणि मग मोटर लावून गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवावं लागतं. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर. टाकी किती रिकामी आहे त्यावर दहा मिनिटं लागतील की अर्धा तास, हे ठरतं. खालून ते कळत नाही. भरून वाहिली तर पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीवर जातं आणि बोलणी खावी लागतात. म्हणून आई वर जाऊन झाकण उघडून बघायची. मोटरचं बटण जिन्याखाली, पत्र्याच्या पेटीत. म्हणजे खाली बटण, वर टाकी, मधे चौदा पायऱ्या, आणि श्रावणातला पाऊस.

वायरमन आला. त्याचं म्हणणं, पूर्ण ऑटोमॅटिक करून टाका, टाकी रिकामी झाली की मोटर आपोआप सुरू, भरली की बंद. पण हौदातच पाणी नसेल तर कोरडी मोटर फिरत राहते आणि तिचं सील जळतं. त्यासाठी हौदातही सेन्सर लागतो, म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू. आईचा विरोध वेगळा होता. "मी झोपलेली असताना माझ्या घरात काहीतरी चालू-बंद होणार? नको." मला ते कारण तांत्रिक कारणापेक्षा जास्त पटलं.

शेवटी घेतला तो साडेतीनशे रुपयांचा बोलणारा बेल. अर्ध्या महाराष्ट्राने तो शेजाऱ्यांकडून ऐकला असेल: टाकी भरली, मोटर बंद करा, हे हिंदीतून घसा फोडून सांगणारा. आत किमया काही नाही. टाकीत हव्या त्या उंचीवर दोन वायरी सोडायच्या. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे त्यातून थोडी वीज वाहते. पाणी दोन्ही टोकांना टेकलं की सर्किट पुरं होतं आणि खालचा डबा बोलायला लागतो. आई त्याला मराठीत उत्तर देते, "आले गं बाई, आले."

दुसरी दुरुस्ती त्याहून साधी. मोटरचं बटण जिन्याखालून उचलून स्वयंपाकघरात, गॅसच्या डाव्या हाताला आणलं. वायरमनची मजुरी आणि सामान मिळून सहाशे रुपये. पेटी उघडी असल्याचं बघून त्याने पावसाळी जागेतल्या मोटरला विजेची गळती झाली तर पुरवठा तोडणारा ब्रेकर आहे की नाही हेही तपासलं. तो होता, पण त्याचं टेस्ट बटण कोणी कधी दाबलं नव्हतं. आता ते दर महिन्याच्या एक तारखेला दाबलं जातं.

गच्चीवरच्या रोजच्या तीन फेऱ्या शून्यावर आल्या. दोन महिने सगळं छान चाललं आणि एक दिवस टाकी वाहिली, बेल गप्प. वायरींच्या टोकांवर पांढरा थर बसला होता. ती टोकं पुसायला वर कोणीतरी जावंच लागतं! ते काम शेजारच्या काकूंच्या नातवाला दिलं, दर अमावस्येला. तारीख आईनेच ठरवली, कारण अमावस्या तिच्या लक्षात आपोआप राहते आणि कॅलेंडरवर काळ्या गोलाने दिसतेही. मी फोनमध्ये महिन्याची आठवण लावणार होते. बरं झालं लावली नाही.

उंबरा

रात्रीचं प्रकरण जास्त नाजूक होतं. पलंगापासून संडासापर्यंत दोन उंबरे. बटणाचा बोर्ड दाराच्या पलीकडच्या भिंतीवर, म्हणजे आधी अंधारातून जायचं आणि मग दिवा लावायचा. ट्यूब लावली की डोळे दिपतात आणि झोप जाते, म्हणून आई लावतच नव्हती. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. मला जिथे अंधुक दिसतं तिथे आईला काळोख असतो, हे मला वाचून कळलं. तिला ते बारा वर्षांपासून माहीत असावं.

हालचाल ओळखून लागणारे दोन छोटे दिवे आणले. यातला सेन्सर अंगाची उष्णता ओळखतो, माणूस समोरून हललं की पिवळा उजेड, अर्ध्या मिनिटाने बंद. पहिल्यांदा मी ते डोळ्यांच्या उंचीवर लावले आणि आई वैतागली, कारण उजेड थेट तोंडावर. मग नडगीच्या उंचीवर आणले. आता फरशी दिसते, उंबरा दिसतो, आणि झोप मोडत नाही. शेजारच्या मांजरीलाही हीच वाट आवडते, त्यामुळे सेल अंदाजापेक्षा लवकर संपले. पुढच्या वेळी चार्ज होणारे सेल घातले.

उंबऱ्याला रेडियमची पट्टी लावायचा माझा बेत आईने हाणून पाडला. उंबरा म्हणजे लक्ष्मीची जागा, तिथे रिक्षासारखी पट्टी कसली चिकटवतेस? दिवाळीच्या सामानात रांगोळीच्या नक्षीचे पांढरे स्टिकर मिळतात. साठ रुपयांत दोन्ही उंबऱ्यांच्या उभ्या बाजूला लाल रंगावर पांढरी वेल लागली. काम पट्टीचंच करते.

संडासात धरायला दांडी बसवली. टॉवेलची नळी धरून उठणं म्हणजे ती भिंतीतून निघण्याची वाट बघणं. माणसाचं वजन पेलणारी दांडी वेगळी असते, तिला भिंतीत खोल बोल्ट लागतात. गवंड्याने जुन्या विटांच्या भिंतीत सिमेंट भरून ती बसवली आणि स्वतः लटकून दाखवली.

पण रात्रीच्या फेऱ्या दोनावरून एकीवर आल्या त्या कुठल्याही वस्तूने नाही. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं आणि आई ती रात्री जेवणानंतर घेत होती, कारण पाकिटावर मेडिकलवाल्यांनी "जेवणानंतर" एवढंच लिहिलं होतं. डॉक्टरांना वेळ विचारली. त्यांनी ती सकाळी घ्यायला सांगितली. पडल्यानंतर आडवं झोपवून आणि मग उभं करून त्यांनी दाबही मोजला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर येऊन पडण्याचा धोका धरतात. आईचा वरचा १४ ने उतरला, म्हणजे सीमेच्या आत. तरी उठल्यावर पलंगाच्या कडेला बसून दहा आकडे मोजायचे, हे तेव्हापासून सुरू आहे. आई आकड्यांऐवजी गणपतीची नावं घेते, त्याला वेळ जरा जास्तच लागतो.

सात कप्प्यांचा डबा

गोळ्यांचा डबा ही सगळ्यांना सुचणारी वस्तू. आम्हालाही सुचली आणि पहिल्याच आठवड्यात फसली. झाकणांवर वारांची इंग्रजी आद्याक्षरं होती. त्यात दोन वारांचा एस आणि दोन वारांचा टी. आई मंगळवारच्या कप्प्यातून गुरुवारी गोळी घेत होती. मार्कर घेऊन र, सो, मं, बु, गु, शु, श लिहिलं आणि डबा कामाला लागला. भरायचा दिवस रविवार, माझ्या फोनच्या वेळी, फोन स्पीकरवर ठेवून. गोळ्या पाकिटातून फोडून टाकत नाही, पाकीट कापून तुकडे ठेवतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात उघडी गोळी चार दिवसांत ओलसर होते.

डबा भरताना खरी भानगड उघडी पडली. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि चहाच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी. आई ती चहाबरोबर घेत होती. त्यात हाड मोडल्यावर कॅल्शियम सुरू झालं होतं, आणि तेही सकाळीच. कॅल्शियम पोटात असलं की थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. आता थायरॉईडची बाटली उशाच्या तांब्या-भांड्याशेजारी असते. उठल्याबरोबर पाणी पिणं ही तिची जन्माची सवय, गोळी त्या पाण्यावर स्वार झाली. कॅल्शियम दुपारच्या जेवणाला गेलं.

त्याआधी मी तिच्या फोनमध्ये नऊचा गजर लावला होता. नऊला ती देवपूजेत असायची किंवा भाजी आणायला गेलेली. गजर वाजला की ती बंद करायची आणि तिला वाटायचं, झालं. गजराने तिला शिकवलं काय, तर गजर बंद करणं.

दाब मोजायचं यंत्र घरात आधीपासून होतं, आणि आकडे चढेच यायचे. वहीत कारण सापडलं: आई गच्चीवरून उतरायची आणि खुर्चीत टेकता टेकता पट्टा बांधायची, तोंडाने काकूंशी बोलत. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेबलावर, अर्धा तास आधी चहा नाही. दोनदा मोजायचं, मधे एक मिनिट. घरच्या मापात १३५ आणि ८५ च्या वर सातत्याने राहिलं तर ते जास्त धरतात, दवाखान्यात ही रेघ १४० आणि ९० असते. आईचे आकडे आठवड्यात खाली आले. औषध तेच होतं.

जे चाललं नाही ते

फ्रिजला चिकटणारा टायमर: कुकरसाठी आणला, आई अजूनही शिट्ट्याच मोजते. डाळीला चार, भाताला तीन. फोन आला की मोजणी चुकते आणि डाळीची पिठी होते. मी हार मानली.

रिमोटचा पंखा: विजेचा खरंच फायदा. जुना पंखा ७५ वॅट खायचा, हा ३० च्या आसपास, रोज बारा तास धरले तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. पण पहाटे गारठा लागला की अंधारात रिमोट चाचपडायला आई उठायची, म्हणजे पडायला आणखी एक निमित्त आम्हीच विकत आणलं. शेवटी परकराची नाडी घेऊन तिने रिमोट पलंगाच्या कठड्याला बांधला. आता चालतो.

चष्म्याची साखळी: "मी काय कारकून आहे?"

वाकण्यावरचा उपाय फुकटात झाला. रोजची पातेली आणि डबे वरच्या फळीवर, सणावाराची भांडी ओट्याखाली. बारावरून दोन-तीनवर. हे आम्ही वीस वर्षांपूर्वी करू शकलो असतो.

जिन्याला दुसऱ्या बाजूनेही रेलिंग बसवलं. तेही मोजून एकूण खर्च साडेपाच हजारांच्या आसपास आला. बेल ३५०, बटण ६००, दिवे ९००, डबा १८०, स्टिकर ६०, दांडी ११००, वेल्डरचे २४००. पंखा आणि टायमर यात नाहीत, ते माझ्या हौसेच्या खाती. घड्याळ या बेरजेच्या पाचपट होतं.

पाणी आलं

घड्याळाची मूळ काळजी मात्र खोटी नव्हती. ती पडली आणि कोणाला कळलंच नाही तर? रोज सकाळी "मी बरी आहे" असा निरोप पाठव, असं मी सुचवलं. आईला ते अपशकुनी वाटलं. मग एक दिवस तिने आपणहून व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला: "पाणी आलं." दुसऱ्या दिवशी पुन्हा. ज्या दिवशी नळाला पाणी नसतं त्या दिवशी, "पाणी नाही आलं. नगरपालिकेला काही सांगायची सोय नाही." साडेसहापर्यंत निरोप आला नाही तर मी फोन करते, फोन उचलला नाही तर काकू किल्ली घेऊन जातात. दहा महिन्यांत काकूंना दोनदा जावं लागलं. एकदा फोन गादीखाली होता, एकदा आई त्यांच्याच पुढच्या दारात गप्पा मारत उभी होती.

दादालाही तो निरोप पुढे पाठवते. तिकडे संध्याकाळ असते. तो परत विचारतो, घड्याळ चार्ज आहे ना? आई म्हणते, आहे. ते खरंही आहे. देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलेलं असतं, आकडे मोठे दिसतात म्हणून.

या एप्रिलमध्ये मी न कळवता साताऱ्याला गेले. दार उघडं, घरात कोणी नाही. गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया पसरलेल्या आणि आई शेजारी पाटावर बसून कावळे हाकत होती. पायात चप्पल होती, ऊन दहाच्या पुढचं होतं, आणि रेलिंग दोन्ही हातांनी धरून चढल्याचं तिने शपथेवर सांगितलं. मी वही काढली. गच्ची, एकदा. कारणाच्या रकान्यात काय लिहावं हे मला सुचेना, तेव्हा तिनेच सांगितलं, "लिही, कुरडया. आणि खाली जाऊन चाळण घेऊन ये."